चोराने न नेलेले भांडे

१

बुधवारी दुपारी चार वाजता सावनी अंबेकरने टाकीचे झाकण उचलले. द्रवरूप नायट्रोजनची पांढरी वाफ नेहमीसारखी काठावरून ओघळली, तिच्या पावलांपाशी क्षणभर रेंगाळली आणि विरून गेली. मग तिला दिसले, की तनुजा सोनवणे या नावाची चिठ्ठी लावलेला खण रिकामा आहे. त्यात सहा कुप्या होत्या. एकही उरली नव्हती.

त्या कुप्यांत मूलपेशी होत्या. दान मिळालेल्या नाळेपासून वाढवलेल्या आणि उणे एकशे शहाण्णव अंशांवर निजवलेल्या. तनुजाच्या फुफ्फुसांतील रक्तवाहिन्या वर्षागणिक अरुंद होत चालल्या होत्या आणि त्यांतून रक्त ढकलता ढकलता तिच्या हृदयाची उजवी बाजू थकून गेली होती. या पेशी शिरेतून सोडल्या तर वाहिन्यांच्या भिंती कदाचित सावरतील, एवढीच आशा होती. 'कदाचित' हा शब्द आमच्या संमतिपत्रात सात वेळा येतो. मी मोजला आहे.

गुरुवारी सकाळी अकरा वाजता तिला ती मात्रा द्यायची होती.

जालना रस्त्यावरच्या 'प्राणदा' श्वसनविकार केंद्रात मी नैतिकता समितीचा सचिव आहे. प्रयोगात उतरलेल्या रुग्णांचे हित जपणे हे समितीचे काम आणि तिचे कागद जपणे हे माझे. चार माणसांत बोलताना माझा घसा कोरडा पडतो, म्हणूनच मी कागदांच्या सोबतीची नोकरी पत्करली होती. त्या दुपारी मात्र प्रयोगाचे प्रमुख डॉ. मिहिर चौसाळकर स्वतः माझ्या टेबलापाशी आले.

"ऋतुराज, पोलीस वगैरे नंतर बघू. आपल्याकडे राखीव सहा कुप्या आहेत. त्याच नाळेच्या, त्याच टाकीतल्या. त्यांच्यावर नाव नाही, नुसता क्रमांक आहे, म्हणून चोराच्या हातून सुटल्या. उद्या त्या वापरू. समितीची लेखी मान्यता लागेल. अध्यक्ष परदेशी आहेत, तेव्हा सही तुमचीच."

"चोर कोण हे कळण्याआधी?"

"चोर सापडेपर्यंत त्या मुलीचं हृदय वाट बघत बसणार आहे का?" त्यांनी कागद माझ्यापुढे सरकवला. "उद्या सकाळी साडेदहापर्यंत द्या."

ते गेले. याच टाकीतली मात्रा घेणाऱ्या पहिल्या रुग्ण यमुनाबाई तिसऱ्या दिवशी वारल्या होत्या. त्यांच्या कागदावरची सहीसुद्धा माझीच होती.

२

प्रयोगशाळा दुसऱ्या मजल्यावर होती. कमरेएवढी टाकी कोपऱ्यात उभी होती. शेजारच्या फळीवर कुप्या थंडच नेता याव्यात म्हणून ठेवलेले एक छोटे स्टीलचे भांडे होते आणि खिळ्याला एक लाकडी पट्टी टांगलेली होती.

"टाकीचा गजर उन्हाळ्यापासून मुका आहे," सावनी म्हणाली. प्रयोगशाळेची सारी जबाबदारी तिच्याकडे होती आणि दोन तासांत तिचा चेहरा ओढला गेला होता. "म्हणून ही पट्टी. टाकीत बुडवायची, बाहेर काढून हवेत हलवायची. जिथपर्यंत पांढरं दव धरतं तिथपर्यंत नायट्रोजन. रोज सकाळी नऊला मोजतो आणि वहीत लिहितो."

पट्टीच्या खाचांत काहीतरी पिवळे अडकले होते. मी बोट फिरवले.

"हळद आहे ती. खंडेनवमीला खालच्या दालनात सगळ्यांनी आपापली हत्यारं पूजेला मांडली होती. डॉक्टरांचे स्टेथोस्कोप, माळ्याची कात्री. मी म्हटलं, आमचं हत्यार हीच." ती हसायचा प्रयत्न करत होती.

"किल्ली कोणाकडे असते?"

"माझ्याकडे आणि चौसाळकर सरांकडे. पण आज बुधवार. शेंद्र्याहून नायट्रोजनची गाडी येते. भरताना दार उघडं ठेवावंच लागतं, नाहीतर खोलीतल्या माणसाला श्वास पुरत नाही. तेवढ्यात मी वीस मिनिटं खाली गेले होते." ती थांबली. "खण आत नीट लावलेला होता. चिमटा जागच्या जागी. बाजूच्या कुप्यांना धक्कासुद्धा नाही. या टाकीत असा हात घालणारं माझ्याशिवाय इथं कोण आहे, असं उद्या सगळे विचारतील. मला तरी कुठे उत्तर माहीत आहे?"

मी मोजमापांची वही मागून घेतली.

३

गोकुळ पहारेकरी होता. जिन्यापाशी त्याची खुर्ची असे आणि तिथून प्रयोगशाळेचे दार समोर दिसे.

"दुपारी आत कोण गेलं होतं?"

"कोणीच नाय, साहेब."

"नीट आठवा."

"आता गाडीवाला गेला, ते काय सांगायचं? अन् पिंप धरू लागायला कडुबा. तनुजाचे वडील वो. ते नेहमीच लागतात हाताला. नुसतं बसून माणूस कटाळतंय." त्याने मान माझ्याकडे झुकवली. "खरं सांगू? ह्या खोलीचं लक्षणच मला बरोबर वाटत नाय. दसऱ्यानंतरच्या सोमवारचं तुम्हाला ठाव हाय का?"

"काय झालं होतं?"

"गाडीचा वार नव्हता. तरी सरांनी फोन करकरून सकाळी सातलाच गाडी बोलावली. थोड्या वेळानं बघतो तर दारातून पांढरं धुकं भळाभळा बाहेर! पार जिन्यापर्यंत. अर्धा तास हटंना. मला वाटलं आग लागली, बादली घेऊन पळालो, तर सर खेकसले, जा म्हणले खाली. बुधवारी भरतात तवा एवढं कधी नसतं. जरा फुसफुस होती, संपलं. कडुबा तवा पोरीला तपासणीला घेऊन इथंच बाकावर व्हते. धुकं बघून उठून उभे राहिले. तोंड असं पडलं, जसा काय कोणाचा सांगावा आला."

गोकुळ एका साध्या धुक्याची गोष्ट सांगत होता. तरीही मी मागे वळून बंद दाराकडे पाहिले.

४

तनुजा तेवीस वर्षांची होती. नाकाशी प्राणवायूची नळी, ओठांवर जांभळाच्या सालीसारखी निळसर झाक. ती दोन-तीन शब्द बोले, थांबे, मग पुढचे शब्द उचले.

"तुम्ही का... चोर पकडणारे?"

"नाही. मी कागद सांभाळतो."

"मग कागदावर... लिहा. चोरा, मोबाईल ने... चपला ने... कुप्या तेवढ्या ठेव." तिने दम घेतला. "मला एकदा... न थांबता... भांडायचंय. बाबांशी. एका दमात."

खिडकीशी कडुबा उभे होते. काटक देह, उजव्या हातावर उपरणे टाकलेले.

"भांड की. मी कुठं पळून चाललो?" ते म्हणाले. मग माझ्याकडे वळून, "माझ्या आधीची तीन लेकरं गेली, साहेब. म्हणून आईनं माझं नाव कडू ठेवलं. कडू ठेवलं की मरण तोंड लावत नाय म्हणं. पोरीला मात्र मी हौसेनं ग्वाड नाव ठेवलं. तिथंच चुकलं बघा."

"तुम्ही गावाकडे, देवगाव रंगारीला, काय करता?"

"थोडी शेती. अन् जनावरांचं बघतो."

"थोडं नाही," तनुजा म्हणाली. "पंचक्रोशीत... बाबांशिवाय... एक गाय गाभण राहत नाही." आणि स्वतःच्याच विनोदाला हसून तिला खोकल्याची उबळ आली.

"गप गं. साहेबापुढं काय बी बोलती."

तिला धीर यावा म्हणून मी सांगितले, की राखीव कुप्या आहेत. मान्यता मिळाली तर मात्रा ठरल्या वेळीच, उद्या अकराला मिळेल. तनुजाने डोळे मिटले. तिच्या चेहऱ्यावर असे काही उमटले, की मला पाहवले नाही.

म्हणून मी कडुबांकडे पाहिले.

"अजून हायत?" त्यांनी विचारले. "त्याच टाकीतल्या?"

आणि तो ताठ माणूस भिंतीला पाठ घासत खाली फरशीवर बसला. उपरणे घसरले. उजव्या अंगठ्यावर एक ताजा, पांढराफटक फोड होता.

५

सकाळी सहा वाजता पुंडलिकनगरमधल्या माझ्या खोलीत मी वही उघडून बसलो. खाली दूधवाले येऊन गेले होते. समोर मान्यतेचा तो कागद होता आणि त्याच्या तळाशी माझ्या नावासाठी सोडलेली जागा.

चोर कोण, हे मला फोड पाहिल्यापासून ठाऊक होते. इतक्या थंड वस्तूला उघडा हात लागला तर असाच फोड येतो. पण फोडापेक्षा मला एक भांडे छळत होते.

कुप्या त्या टाकीबाहेर आल्या, की काही मिनिटांत पेशी मरू लागतात. त्यांना जिवंत ठेवणारे भांडे हातभर अंतरावर, फळीवर होते. चोराने ते नेले नव्हते. बर्फ चोरून कोणी खिशात घालत नाही. अजाण माणसाने तसे केले असते. पण अजाण माणसाने खण नीट परत बसवला नसता, चिमटा जागेवर टांगला नसता. वैऱ्यानेही तसे केले असते. पण बाप लेकीचा वैरी नसतो. मग एकच शक्यता उरत होती आणि ती मनात येताच मी हातातला चहा खाली ठेवला.

कुप्यांत जपण्यासारखे काही उरलेलेच नाही, हे चोराला माहीत होते.

मी दसऱ्याच्या आठवड्याचे पान काढले. इतर प्रत्येक आठवड्यात पातळी रोज तीन सेंटिमीटरने उतरत होती. बुधवारी सकाळी नऊ सेंटिमीटर उरत आणि दुपारी टाकी भरून तीस होई. त्या बुधवारी खंडेनवमी होती. गाड्या पूजेला लागलेल्या, म्हणून शेंद्र्याहून कोणी आले नव्हते. बुधवारची नोंद, नऊ. गुरुवारी आठ, शुक्रवारी सात, शनिवारी सहा, रविवारी पाच. सोमवारी एकदम तीस.

त्या चार दिवसांत नायट्रोजननेही जणू दसऱ्याची सुट्टी घेतली होती. नेहमीच्या चालीने तो शनिवारीच संपायला हवा होता.

मी सावनीला फोन लावला. "पूजेतून पट्टी कधी उचलली?"

"सोमवारी. खंडेनवमीच्या संध्याकाळपासून मी रजेवर होते ना. साडेआठला आले तर झेंडूची फुलं पार वाळून गेलेली. उत्तरपूजा करायला कोणी फिरकलंच नव्हतं आणि पूजेतलं हत्यार त्याआधी कोण उचलणार? मग मीच अक्षता टाकल्या आणि..." तिचा आवाज तुटला. "मग चार दिवस मोजलं कशाने?"

"त्या नोंदी कोणाच्या हातच्या आहेत?"

"सरांच्या."

तापल्या तव्यावर पाणी शिंपडले की ते किंचाळून उडते. गार तव्यावर नुसते पसरते. थंड टाकीत नायट्रोजन ओतला की जरा फुसफुस होते. सोमवारी अर्धा तास धुके उसळत राहिले, ते टाकी आतून कोरडी होऊन तापली होती म्हणून. गोकुळला त्यात आग दिसली. बाकावरच्या एका माणसाला खरे ते दिसले. गावोगाव गाई-म्हशींच्या कृत्रिम रेतनासाठी फिरणाऱ्याच्या खांद्यावर काय असते, हे मला आधीच आठवायला हवे होते. नायट्रोजनचे भांडे. वीर्याने भरलेल्या वीत-वीत कांड्या त्यातून उचलण्यात त्याचे आयुष्य गेलेले असते.

६

साडेनऊला मी आणि सावनी प्रयोगशाळेत होतो. तिने राखीव कुप्यांतली एक काढून वितळवली आणि थेंबभर द्रवात निळा रंग मिसळला.

"जिवंत पेशी हा रंग आत शिरू देत नाही," ती म्हणाली. "मेलेली अडवू शकत नाही. प्रत्येक मात्रेआधी ही चाचणी करायची असते. दसऱ्यानंतर यमुनाबाईंच्या वेळी सर म्हणाले, मी केली आहे, तू घरी जा."

ती सूक्ष्मदर्शकावर वाकली. घड्याळाचा काटा पुढे सरकत होता. तिने भिंग फिरवले, जागा बदलली, पुन्हा फिरवले आणि काही न बोलता बाजूला झाली.

मी पाहिले. निळे ठिपके. जिथे पाहावे तिथे निळे, आणि मधूनच एकमेकांना चिकटलेल्या त्यांच्या गुठळ्या. बोटाएवढ्या वाहिनीतून त्या निघून जातीलही. केसाएवढ्या झालेल्या वाहिनीत कुठे जातील?

"सही झाली का?" दारात डॉ. चौसाळकर उभे होते. मग त्यांना वितळलेली कुपी दिसली. "हे कोणाच्या परवानगीने?"

"टाकी शनिवारी कोरडी पडली होती, सर," मी म्हणालो. "तुम्ही सोमवारी ती भरलीत आणि चार नोंदी नंतर लिहिल्यात."

"मी दुसऱ्या पट्टीने मोजलं होतं."

"मग रोज एकच सेंटिमीटर का उतरलं? आणि सोमवारचं धुकं?"

सावनीने सूक्ष्मदर्शक त्यांच्याकडे वळवला. ते वाकले नाहीत. काय दिसेल हे त्यांना ठाऊक होते.

"सहा वर्षं," अखेर ते हलक्या आवाजात म्हणाले. "ही मंजुरी मिळवायला सहा वर्षं गेली. सगळ्या पेशी फेकल्या असत्या तर प्रयोग तिथेच संपला असता. झाकण उघडलं तेव्हा वाफ नव्हती. तरी मी स्वतःला म्हटलं, तळाशी थोडं उरलं असेल. मी पट्टी घातली नाही, ऋतुराज. घातली असती तर कळलं असतं."

"आणि यमुनाबाई?"

"त्यांचं हृदय आधीच..."

"कडुबा तुमच्याकडे आले होते का?"

"त्याच सोमवारी आला होता. मला म्हणाला, साहेब, टाकी कोरडी पडली होती, माल फेकून द्या." त्यांनी डोळ्यांवरून हात फिरवला. "मी म्हटलं, बाबा, इथं आम्ही म्हशी गाभण करत नाही."

मी खिशातला कागद काढला, टेबलावर पसरला आणि त्यावर 'नामंजूर' असे लिहून खाली सही केली. दहा वाजून पंचवीस मिनिटे झाली होती. प्रयोग थांबवल्याचे पत्र मी लगेच औषध नियंत्रकांकडे पाठवले. यमुनाबाईंच्या मुलाला फोन करायचे धैर्य मात्र मला दुपारपर्यंत झाले नाही.

७

अकरा वाजता मी तनुजाच्या खोलीत गेलो. ती उठून बसली होती, वेणी घातलेली, बाही आधीच वर सरकवलेली. कडुबा पलंगाच्या पायथ्याशी उभे होते. त्यांनी माझ्याकडे पाहिले आणि माझ्या हातात काही नाही हे पाहून त्यांचे खांदे सैल पडले.

मी सगळे सांगितले. सांगायला फार वेळ लागला नाही.

"बाबा." तनुजाचा आवाज कापत होता. "माझं औषध... तुम्ही चोरलं?"

कडुबांनी जेवणाचा डबा काढून तिच्या पांघरुणावर ठेवला. झाकण उघडले. भाकरीच्या फडक्यात सहा कुप्या होत्या, कोमट झालेल्या.

"पिंप धरू लागलो, गाडीवाला रिकामं पिंप ठेवाया खाली गेला, तवा नावाची चिठ्ठी बघितली अन् काढल्या. बिननावाच्या बी हायत, हे मला काय ठाव?" ते थांबले. "वीस वर्षं झाली. मेलेली कांडी मी कधी परक्याच्या गाईला नाय लावली, पोरी. तुला कशी लावू देऊ?"

"मला सांगायचं... तरी."

"तू रोज दिवस मोजत व्हतीस. कोणत्या तोंडानं सांगू?" मग ते माझ्याकडे वळले आणि त्यांचा आवाज खाली गेला. "यमुनाबाईला बी नाय सांगितलं, साहेब. ती माझ्या शेजारीच बाकावर बसायची. मला चिवडा द्यायची. मला वाटलं, एवढा मोठा डॉक्टर, त्याला माझ्यापरीस जास्त कळत असंल. ते माझ्या माथी हाय."

नळीतून प्राणवायूची बारीक शीळ येत होती. यमुनाबाईंच्या कागदावरची माझी सही मला दिसत होती. ती कोणाच्या माथी, हे मी विचारले नाही.

"मग आता?" तनुजाने विचारले. तिचे डोळे भरले होते. "आता माझं... काय?"

गोळ्या चालू राहतील, मी म्हणालो. दुसरीकडे कुठे प्रयोग सुरू झाला तर समिती तिचे नाव पाठवेल. कदाचित. तो शब्द आठव्यांदा उच्चारताना माझी नजर खाली गेली.

कडुबा तिच्याजवळ बसले. "गाय पहिल्या डावाला नाय राहिली, तर आपण काय करतो? एकवीस दिवस थांबतो. परत बघतो. तिला विकत नाय."

"बाबा," ती म्हणाली, "मी काय... गाय हाय का?"

आणि ती हसली. हसता हसता खोकला आला, खोकल्याने श्वास अडला. कडुबांनी फोड आलेल्या अंगठ्याचा तो हात तिच्या पाठीवर ठेवला आणि ते नुसते थांबले, जसे ते आयुष्यभर मुक्या जिवांपाशी थांबत आले होते. मीही थांबलो. खिडकीबाहेर जालना रस्ता वाहत होता. खोलीत आम्ही तिघे तिच्या पुढच्या श्वासाची वाट पाहत होतो.

तो आला.